रेशीमगिरणीतल्या आडभिंती

३ मार्च
पोचले एकदाची! ऊन छान पडलंय, डोंगरमाथ्यावर अजून बर्फ आहे आणि खोली माझी एकटीची. ही जुनी रेशीमगिरणी काही कुटुंबांनी मिळून घेतली आहे. तिचा सहनिवास करायचा. म्हणजे घरं वेगळी, पण स्वयंपाक, धुणं, बाग सामाईक. इमारतीच्या फेरबांधणीचं काम माझ्याकडे, म्हणून मुक्कामही इथेच. इमारत दणकट आहे. माणसांबद्दल तसं म्हणवत नाही. म्होरक्या तार्चिझियो, निवृत्त शाळामास्तर. मी हात पुढे केला, तर त्याने मिठीच मारली. जेवणाआधी सगळे हात धरून गोल उभे राहतात. तोवर पोलेंटा, म्हणजे मक्याची घट्ट लापशी, थिजून दगड.

९ मार्च
तीन तास सभा. वरच्या मोठ्या दालनातल्या आडभिंती पाडायच्या की नाही? एकमताशिवाय इथे खिळासुद्धा ठोकत नाहीत. मारिलीझा नावाची एक घटस्फोटिता आहे. भिंत म्हणजे मनातली भीती, असं म्हणून ती रडली. मी म्हटलं, बाई, भिंत म्हणजे विटा आणि चुना. शेवटी सगळे हात वर. पाडायच्या.

शेजारची नीव्हेस नव्वदीची आहे. पूर्वी इथेच गरम पाण्यात रेशमाचे कोश उकलायची. कुंपणापाशी येऊन मला झापून गेली. तिच्या आईच्या वेळी चाळीस मुली त्या दालनात एकत्र निजत. एकीचा हात उकळत्या पाण्यात गेला, तर चाळीसजणींना फोड आले. म्हणून आडभिंती आल्या. “मालकाला काय तुझ्यासारखा घरं सजवायचा शौक होता होय गं?” म्हणाली. मी मान डोलावून म्हातारीला वाटेला लावलं.

१७ मार्च
भिंती पडल्या. दालन देखणं झालंय, माझंच काम. घरं तयार होईपर्यंत सगळे तिथेच निजतात. माझ्या खोलीचं छप्पर उघडलंय, तेव्हा मलाही या घोरणाऱ्या कळपात अंथरूण टाकावं लागलं.

२१ मार्च
दुपारी तार्चिझियोचा अंगठा कढईला भाजला. संध्याकाळी टेबलाशी अकरा माणसं आणि अकरा अंगठ्यांवर फोड. माझ्याही. आणि यांना आनंद झाला! तार्चिझियोचे डोळे भरून आले. म्हणे, याला म्हणतात सहनिवास. मेंढरं नुसती. माझा फोड चुन्याने आला असणार.

२६ मार्च
दाढेने जीव घेतला. इथे सगळेच गाल धरून बसलेले, म्हणून मी मुद्दाम चाळीस किलोमीटर लांब उदिने शहरात गेले. दंतवैद्य म्हणाला, दात ठणठणीत आहेत. त्याच्याच खुर्चीत बसलेली असताना हिरडीतून काहीतरी उपटल्यासारखं झालं आणि दुखणं थांबलं. परत आले तर कळलं, मारिलीझाने त्याच वेळी गावात दाढ काढून घेतली.

नीव्हेसकडे गेले. या खेपेला मान खाली घालून. ती हसली नाही. म्हणाली, भिंती परत छपरापर्यंत चढव. त्याशिवाय सुटका नाही. कुठेही पळालीस तरी.

२८ मार्च
काल उल्देरिको राहायला आला, रात्री आमच्यासोबत दालनातच निजला. चौऱ्याऐंशी वर्षांचा, जन्मभर घड्याळं दुरुस्त केली. या गोतावळ्यात एकटाच सभ्य. मला पाहून टोपी काढतो. त्याचं हृदय दुबळं आहे. आज तो जिना चढला आणि आम्ही अकराजण जिथल्या तिथे मटकन खाली बसलो.

लगेच सभा. मी म्हटलं, भिंती आजच्या आज. मारिलीझा नाही म्हणाली. आजवर तिचं कधी कोणाला दुखलं नव्हतं, म्हणे. मी तिला मूर्ख म्हटलं. ती म्हणाली, तुलाही त्या दिवशी दाढेत कोणीतरी सोबतीला होतंच ना. एकमत नाही, म्हणून निर्णय नाही. वा!

२९ मार्च
गेली खड्ड्यात सभा. सकाळपासून मीच विटा रचतेय. हात फाटले. सगळ्यांचेच फाटले. बरं झालं.

३० मार्च
छाती आवळते. मग सुटते. मग पुन्हा— उल्देरिकोला निजवलंय, डॉक्टरला निरोप गेलाय. आता शहाणे झालेत, रांगेने विटा देतायत. मारिलीझासुद्धा. ओठ निळे. एक भिंत छपराला टेकली. दुसरी—

दुपार
दोन थर राहिले. हा शाळामास्तर अजून मत विचारतोय! मूर्ख— म्हणे, ज्यांची संमती आहे त्यांनी हात वर— डावा कोणालाच उचलता येईना.

उल्देरिको अंथरुणातून उठला. लाजला बिचारा. सगळे राबतात आणि मीच तेवढा लोळतो, म्हणतोय. बसवा त्याला. अरे गाढवांनो, खाली बसवा— ओरडता येत नाही— तो वाकला— दोन्ही हातांनी वीट उच