अख्तरभाभींच्या पाच ओळी

कोरेगाव,
रविवार, १३ जुलै २०२५

अख्तरभाभींना,
संयोगिताबाईंचा सलाम आणि नमस्कार, दोन्ही.

घरी सगळे बरे असाल. दिलावरभाईंची पाठ कशी आहे? दिवसभर वाकून गाद्या शिवायच्या म्हणजे पाठ बोलणारच. इकडं आमचं ठीक चाललंय. बदली होऊन आले त्याला तीन वर्षं झाली. शाळा चार खोल्यांची, पोरं वांड, पण जीव लावणारी. आमचे हे फौजेतून रिटायर होऊन घरी आलेत आणि घरालाच पलटण समजतात. सकाळी सहाला माझीसुद्धा हजेरी होते.

पत्र बघून नवल वाटेल. फोन का केला नाही म्हणाल. नंबर आहे माझ्याकडं. दोनदा लावायला घेतला आणि ठेवून दिला. तुम्हाला स्वतःला वाचता यावं म्हणून मोठ्या अक्षरात, एकेक ओळ सोडून लिहितेय. कुणाकडून वाचून घेऊ नका, एवढी विनंती.

गेल्या महिन्यात भाचीच्या लग्नाला इस्लामपूरला आले होते. स्टँडवर एक उंच पोरगी हसत समोर येऊन उभी राहिली. "बाई, वळखलं न्हाई व्हय मला?" अगं बाई, मुबश्शिरा! माझ्या वर्गात होती तेव्हा एवढीशी, आता माझ्या खांद्याच्या वर गेलीय. आठवीत आहे म्हणाली, गणितात पहिली आली म्हणाली. आणि मग एकदम आवाज बारीक करून म्हणाली, "बाई, अम्मी माझ्या प्रगतिपुस्तकावर अंगठा देती. सही करा म्हटलं तर येत न्हाई म्हणती. तिला येतं की वो सगळं! तुमी सांगा की तिला." तेवढ्यात तिची गाडी लागली आणि ती पळाली.

लग्नात माझं काही लक्ष लागलं नाही.

भाभी, ते लॉकडाऊनचं वर्ष तुम्हालाही आठवत असेल. शाळा बंद आणि वरून हुकूम, शिक्षण बंद नको. आम्ही तरी असलं कधी केलं होतं? तुमच्या गावात रेंज कुठं, तर फक्त सरपंचांच्या माडीवर. रोज सकाळी तिथं जाऊन मी पाठ बोलून रेकॉर्ड करायचे आणि अकराला शाळेच्या ग्रुपवर टाकायचे. पोरांनी ऐकायचं, वहीत लिहायचं, घरच्यांनी वहीचा फोटो माझ्या नंबरवर पाठवायचा. वर्गात एकोणतीस पोरं. बऱ्याच घरांत फोन एकच, तो बापाच्या खिशात, आणि बाप उसाच्या रानात. मग फोटो यायचे ते दिवेलागणीला, सगळे एकदम. आडवे, उलटे, अर्धे अंधारातले. एकात तर वही कोपऱ्यात आणि बाकी सगळी म्हैसच. बघून बघून डोळे फुटायची वेळ यायची.

अशात सप्टेंबरमध्ये 'माझे घर' यावर पाच ओळी लिहायला दिल्या होत्या. तुमच्याकडून दोन फोटो आले. पहिला तुमच्या अक्षरातला, दुसरा मुबश्शिराच्या. गडबडीत मी पहिलाच बघितला, दुसरा उघडलाच नाही. अक्षर मोठ्या माणसाचं दिसलं. मला वाटलं, लेकीचा अभ्यास आईनंच लिहून पाठवला. दुसऱ्या दिवशी पालकांना चार शब्द समजावून सांगताना ग्रुपवर तुमचं नाव तोंडातून निघून गेलं. तुम्ही लेकीशेजारी बसून माझे पाठ ऐकता आणि स्वतः शिकता, हे मला कुठं माहीत होतं? गैरसमज झाला. कामाचा ताण होता. माफ करा.

त्यानंतर तुम्ही ग्रुप सोडलात. मुबश्शिराच्या वहीचे फोटो यायचे बंद झाले. दिवाळीच्या आधी मी तिची स्वाध्यायपुस्तिका द्यायला घरी आले होते, तुम्ही चहा दिलात. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण दिलावरभाई समोर, त्यात गिऱ्हाईक बसलेलं, राहून गेलं. त्याबद्दलही माफ करा.

जुनं सगळं सोडून द्या आता आणि सही करायला लागा, एवढंच सांगायचंय. लेकीसाठी तरी करा. झालेल्या चुकीबद्दल मी मनापासून माफी मागते. मोठ्या मनानं माफ करा.

दिलावरभाईंना नमस्कार. मुबश्शिराला म्हणावं, बाईंनी शाबासकी सांगितलीय.

आपली,
संयोगिता जगताप



कोरेगाव,
बुधवार, ३० जुलै २०२५

अख्तरभाभी,

तुम्ही परत पाठवलेलं माझं पत्र काल शाळेत मिळालं. पाकिटावरचा पत्ता बघून वाटलं, उत्तर आलं. परिपाठ चालू होता, तरी तिथंच उभ्या उभ्या फोडलं. आत माझीच पानं. म्हटलं, वाचलंसुद्धा नाही वाटतं. मग शेवटच्या पानावर माझ्या सहीच्या खाली पेन्सिलीनं लिहिलेलं दिसलं.

"बाई तुम्ही दोन्ही फोटो बघून छान लिहिलं होतं. खरं लिहा."

 पोरं 'खरा तो' म्हणायच्या आधी 'सावधान' ऐकायला थांबली होती आणि मी ती ओळच परत परत वाचत होते. आणि तरीही, आता खोटं कशाला सांगू, त्याच वेळी मला आनंद झाला. तुम्ही लिहिता! अंगठा देता आणि लिहिता! दुसऱ्याच क्षणाला त्या आनंदाची लाज वाटली. येत असलेलं लपवून ठेवायची पाळी तुमच्यावर आणली कुणी?

घरी येऊन ह्यांना पत्र दाखवलं. चष्मा लावून सगळं वाचलं, तुमची ओळ दोनदा वाचली. म्हणाले, "आगं, हे पत्र न्हाई, खुलासा हाय. नोटीस आली की हापिसात देतात तसला." मी म्हटलं, "त्या वेळी किती ताण होता तुम्हाला काय माहीत? तुम्ही जम्मूला होता." तर म्हणाले, "जम्मूला हुतो, पण फोन हुता की. त्या बाईच्या पाच ओळी तूच मला वाचून दाखवल्यास. लय खूश हुतीस. इसरलीस व्हय?"

विसरले नव्हते, भाभी. त्या ओळी मला आजही पाठ आहेत. 'माझे घर लहान आहे. माझ्या घरात कापूस आहे. माझे मालक गाद्या शिवतात. आम्ही तिघे आहोत. माझी मुलगी मला शिकवते.'

शेवटची ओळ वाचल्यावर हे कुणी लिहिलंय ते कळायला काय लागतं? दुसरा फोटोही मी लगेच उघडला होता. मुबश्शिरानं तिच्या पाच ओळी वेगळ्या, व्यवस्थित लिहिल्या होत्या. मी दोन्ही फोटोंखाली 'छान' लिहिलं आणि ह्यांना फोन लावला. म्हटलं, अहो, माझी शाळा बंद नाही, एक विद्यार्थीण वाढलीय! त्या रात्री मी समाधानानं झोपले. हे सगळं खरं आहे, आणि म्हणूनच पुढचं जास्त वाईट आहे.

सकाळी तालुक्याच्या साहेबांची ऑनलाइन मीटिंग होती. ते सगळ्यांवर तापले. पोरांचा अभ्यास आईबाप लिहून पाठवतात आणि शिक्षक डोळे मिटून 'छान छान' करतात, म्हणाले. पालकांना आजच्या आज उदाहरण देऊन कडक समज द्या आणि दिल्याचं मला कळवा. नाव घ्या असं ते म्हणाले नव्हते. ते माझं डोकं.

माझ्या वर्गात घरच्यांनी लिहिलेला अभ्यास रोज येत होता. कुणाचा, ते सगळ्या गावाला माहीत होतं. शिवतेजचा. त्याची आई, सरपंचांच्या सूनबाई राजेश्वरीवहिनी, त्याचं पान न पान स्वतः लिहायच्या, तेही दोन रंगांच्या पेनांनी. पण मी बसले होते त्यांच्याच माडीवर. रेंज त्यांची, टेबल त्यांचं, समोर त्यांनीच आणून ठेवलेले पोहे. त्यांचं नाव घेतलं असतं तर दुसऱ्या दिवशी पाठ कुठून टाकला असता? असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. पण तेही अर्धंच खरं. कुणाचंच नाव न घेता बोलता आलं असतं. मला उदाहरण हवं होतं, आणि ते असं हवं होतं, जे उलट बोलणार नाही. दिलावरभाई भांडायला येणार नाहीत, तुम्ही तर तोंडातून शब्द काढणार नाही. गावात तुमची चार घरं. मी हे सगळं मनात मोजलं, भाभी. नाव तोंडातून निघून गेलं नव्हतं. मी ते निवडलं होतं.

आणि मागच्या पत्रात 'चार शब्द समजावून' असं लिहिलं, ते चार शब्द कुठले ते लिहिलं नाही. आता लिहिते. मी म्हटलं होतं, "मुबश्शिराच्या आईनं काल लेकीचा अभ्यास स्वतः लिहून पाठवलाय. अशानं पोरीचं वाटोळं होईल. आणि ज्यांना स्वतःला धड लिहिता येत नाही, त्यांनी तर हा उद्योग करूच नये."

शेवटचं वाक्य साहेबांसाठीही नव्हतं. बोलण्याच्या भरात आलं, आणि बोलल्यावर मला ते चांगलं जमल्यासारखं वाटलं. राजेश्वरीवहिनी शेजारी बसल्या होत्या, त्या हसल्या. मीही हसले.

घराघरात फोन मोठ्या आवाजात लावून माझे पाठ ऐकायचे, तसंच हेही ऐकलं गेलं. तुमच्या घरातही तसंच लागलं असणार. तुम्ही दोघी अकरा वाजता वह्या उघडून बसला असणार. ग्रुपवर हसऱ्या तोंडांची आणि अंगठ्यांची रांग लागली. साहेबांनी 'असंच कडक राहा' म्हणून कळवलं. तुमच्या शेजारच्या हरणाबाईंनी मला चौथ्या दिवशी सांगितलं, गिरणीवर बायका तुम्हाला विचारतात, "अख्तर, औंदा कितवीत गं?" त्या चिडून म्हणाल्या होत्या, "बाई, एवढी लिव्हत हुती बिचारी, कशाला वो बोललासा?" मी त्यांना म्हटलं, शिस्त लावावी लागते.

त्याच दिवशी एक मिनिटाचं रेकॉर्डिंग केलं असतं तर सगळं निस्तरलं असतं. केलं नाही. कौतुक झालं होतं ना माझं, ते परत कोण करणार?

दिवाळीच्या आधी आले तेव्हा गिऱ्हाईक कुणी नव्हतं. दिलावरभाई उलट आपल्याला बोलता यावं म्हणून सुई खाली ठेवून बाहेर गेले होते. तुम्ही समोर बसला होता, मुबश्शिरा तुम्हाला चिकटून. मी चहा घेतला, साखर जास्त झाली म्हणून हसले आणि उठले. त्या वर्षी पुढं मुबश्शिराचा एकही पाठ माझ्याकडून झाला नाही. ती आज गणितात पहिली येते त्यात माझा काडीचा वाटा नाही, आणि मी तिला शाबासकी सांगून पाठवली.

आता खरं एवढंच उरलंय, की तिनं स्टँडवर सांगितलं नसतं तर मी हे कधीच लिहिलं नसतं. तुमच्या गावात मी आणखी दोन वर्षं होते. रोज तुमच्या दारावरून जायचे. तुम्ही दिसलात की पदर सारखा करायच्या निमित्तानं मान खाली घालायचे.

काल रात्री मनात आलं, ग्रुपवरच माफी मागावी. तो ग्रुप अजून आहे, आता त्यावर वाढदिवस आणि सुप्रभात चालतं. रेकॉर्ड केलं, दोनदा. लावून ऐकलं तर माझाच आवाज मला फार गोड लागला. मी टाकलं तर लोक म्हणणार, बघा, बाईंचं मन किती मोठं. पुन्हा हात जोडलेल्या चित्रांची रांग लागणार, पुन्हा कौतुक माझंच. म्हणून दोन्ही पुसून टाकली.

हे पत्र तुमचं आहे. ग्रुपची ॲडमिन अजून मीच आहे. तुम्ही नुसतं 'घ्या' म्हणून कळवा, मी तुम्हाला परत घेते. मग या पानांचे फोटो काढा आणि तुमच्या नंबरवरून टाका. राजेश्वरीवहिनी वाचतील, गिरणीवरच्या बायका वाचतील, साहेबांपर्यंतही जाईल. जाऊ दे. नाहीतर टाकू नका, मुबश्शिराला वाचायला द्या, नाहीतर चुलीत घाला. मला विचारायचं काही कारण नाही.

सही करा असं या वेळी सांगत नाही. ते सांगायचा माझा हक्क त्या सकाळीच गेला. आणि मागच्या पत्रात चार चार वेळा मागितली तशी माफीही मागत नाही. मागितली की समोरच्याला 'असू दे बाई' म्हणावंच लागतं, आणि तुम्ही म्हणालही. ते तुमच्याकडून म्हणवून घ्यायला नको.

लिहिता येत असून पाच वर्षं खरं न लिहिलेली,
संयोगिता