गरम बॉनेट

रविवार, संध्याकाळ

मला गाडी आवडली की ती विकणारे काका-काकू? खरंच सांगता येत नाही.

काल मेकॅनिकने गाडी तपासून बरी म्हटली होती. पण गरम इंजिनात दोष लपतात, म्हणून थंड इंजिन आपण स्वतः चालू करून बघायचं, हे मी आठवडाभर वाचत होते. आज आईला घेऊन कर्वेनगरला त्यांच्या घरी पोहोचल्यावर बॉनेटला हात लावला, तर गरम.

"सहज एक चक्कर मारून आणली," काका म्हणाले.

मन खट्टू झालं. आईच्या गुडघ्यांना आता बसच्या पायऱ्या झेपत नाहीत. घरात शिकलेली मी एकटीच, त्यामुळे मी म्हणेन ते आई खरं मानते. मी फसले तर ती बोलणारही नाही. त्याचीच भीती जास्त.

मी विचारलं, "गार होईपर्यंत थांबू का?"

"थांबा की, चहा टाकते," काकू म्हणाल्या. चहा हातात दिल्यावर काकांकडे वळल्या, "अहो, खरं सांगा ना. गार असली की दोनदा चावी फिरवावी लागते. तुम्हालाही सकाळी दोनदा उठवावं लागतं, म्हणून विकायला काढलं का मी तुम्हाला?"

आई इतकी हसली की बशीत चहा सांडला.

बॉनेट गार झाल्यावर चावी फिरवली. आधी नुसती कुरकुर, दुसऱ्यांदा चालू. "बॅटरी थकलीये," काका पुटपुटले.

उद्या वाघोलीला एक चकचकीत गाडी बघायची होती. तिथे काकूंसारखं कोण सांगणार?

वाघोलीला नको म्हणून कळवलं. काकांना सांगून आले, नवी बॅटरी टाकून ठेवा, गाडी आम्ही घेतली.