वर्गात असतो

बाबा, पाया पडतो.

प्रवेशासाठीची पेटीवादनाची परीक्षा छान झाली. परीक्षक बाईंनी विचारलं, “पोरा, कुणाकडे शिकलास?” तुमचं नाव सांगितलं.

पण संगीताच्या एम.ए.ला आधीची पदवी लागते. माझी तर दहावीच झालेली. विद्यापीठातले कारकून अर्ज परत देत म्हणाले, “अरे, अट वाचलीस ना?” तीनदा वाचली होती. मी एम.ए. करणार असं तुम्ही सगळ्यांना सांगून बसला होतात, म्हणून तरीही अर्ज भरला होता.

काळजी करू नका. तिथेच वर्गातल्या पेट्या दुरुस्त करायचं काम मिळालं आहे. शिकवणं सुरू झालं की मला बाहेर जावं लागतं. दार जाड आहे, काही ऐकू येत नाही.

तुमच्या बोटांची थरथर थांबली का?

आईला “तो वर्गात असतो” एवढंच सांगा. खोटं नाही ते. रोज सगळ्यांच्या आधी मीच असतो.

तुमचा,
धाकटा