कुणीही न बसलेली सीट

प्रिय कर्स्टी,

तुझ्या सायकलची ती चामड्याची सीट एकदाची मऊ झाली आणि मी तिच्यापुढे हात टेकले. कसे ते सांगतो, पण हसायचं नाही.

तू ऑकलंडहून फोनवर म्हणालीस, "डॅड, मागच्या खेपेला त्या नव्याकोऱ्या सीटनं माझे हाल केले, आता परत नको." म्हटलं, थांब, सबबच उरू देत नाही. दक्षिण टोकाच्या ब्लफपासून उत्तर टोकाच्या केप रिंगापर्यंत अख्खा देश सायकलनं पालथा घालायचा, हे तू शाळेत होतीस तेव्हापासूनचं आपलं ठरलेलं आहे. म्हणून तू इथेच टाकून गेलेली ती सीट मऊ करायला माझ्या सायकलला लावली आणि हिवाळाभर आपल्या इन्व्हरकार्गिलच्या रस्त्यांवर फिरवली. बायकांची रुंद सीट ती! मांड्या सोलवटून निघाल्या. पाऊस आला की सीट भिजू नये म्हणून तिला तुझ्या आईची आंघोळीची टोपी घालायची, आणि मी शेजारी उभा राहून भिजायचं. घरी आलो की जेवणाच्या टेबलावर ती उलटी ठेवून ग्रीस चोळायचं. तुझी आई म्हणते, "माझ्यासाठी कधी एवढं केलं नाहीस."

एवढं करून रविवारी मोठ्या तोऱ्यात ती सायकल क्लबात नेली. आमच्या नेव्हिलनं तिच्यावरून हात फिरवला आणि खो खो हसत सुटला. "अरे येड्या, जो बसतो त्याचा आकार घेतं चामडं! ही आता तुझ्या बुडाची झाली. पोरगी हिच्यावर बसली तर इथून हाकेवरचं विन्टन यायच्या आत रडेल." जन्मभर सायकल चालवून हे माझ्या डोक्यात येऊ नये! सगळे चीज रोल खाता खाता माझ्याकडे बघून खिदळत होते.

मागच्या खेपेला तू प्रवास अर्धवट टाकून लम्सडेनहूनच क्वीन्सटाउनची बस पकडलीस. सीटमुळे, असं तू सांगितलंस. त्याआधी लम्सडेनच्या कॅफेत मी एवढंच म्हणालो होतो की सायकलच्या चड्डीखाली दुसरी चड्डी घालत नाहीत, आणि ते खरंच आहे, कुणालाही विचार. तुझी आई म्हणते, ते सगळ्या कॅफेनं ऐकलं. त्यानंतर तू इस्टरला आली नाहीस, आईच्या वाढदिवसालाही नाहीस. दर वेळी ऑफिसचं काम.

आता दुसरी सीट आणली आहे. तिच्यावर कुणी बसलेलं नाही, मीसुद्धा नाही. निघायचं फेब्रुवारीत आहे, पण तू जानेवारीतच ये. तुझ्या खोलीत बसून ऑफिसचं काम कर, संध्याकाळी ही सीट लावून सायकल चालव, तिला हव्या तेवढ्या शिव्या घाल. आणि खरं कारण सीट नसून मी असेन, तर तसं लिही. फोनवर हे विचारायला माझी जीभ रेटत नाही, म्हणून कागद घेऊन बसलो. वाटेत माझी बडबड नको असेल तर मी मैलभर पुढे राहीन, एक अक्षर बोलणार नाही. पण ये गं.

तुझी वाट बघणारा, तुझाच
डॅड