साखरबाईची चिंबोरी

बोईसर,
१२ नोव्हेंबर १९८७

प्रिय हिरा,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तू ते न फोडताच बाजूला ठेवलं असशील, तर त्यात तुझं काही चुकलं नाही. तुझ्या जागी मी असते तर चुलीत घातलं असतं. तरी वाच. लेखाचं प्रूफ तुला महिनाअखेरीला परत पाठवायचं आहे, आणि तू शोधलेल्या त्या नव्या जातीच्या चिंबोरीला आईचं नाव राहणार की जाणार, हे त्याआधी ठरायला हवं.

दिवाळीनंतर तू गोव्याहून आलीस, ते थेट आमच्या ओटीवर. आई मागच्या पडवीत तुझ्यासाठी कालवण रांधत होती. तू प्रूफ माझ्यापुढे ठेवलंस आणि नुसती हसत राहिलीस. मी टायपिंग क्लासची बाई, मला अर्थाच्या आधी अक्षरं दिसतात. इंग्रजी शीर्षकाचं पहिलं अक्षर तेवढं कॅपिटल, पुढे सगळं लहान. माझ्या क्लासात सरावली गावची पोरं पहिल्याच आठवड्यात घोकतात, शीर्षकातला प्रत्येक महत्त्वाचा शब्द कॅपिटलने सुरू करायचा, माणसाच्या नावाला तर पर्यायच नाही. आणि इथे चिंबोरीच्या शास्त्रीय नावातला पहिला शब्द मोठ्या अक्षराने, दुसरा, आमच्या आईच्या, साखरबाईच्या नावाला शेपूट जोडून केलेला, लहान. खाली तुझं आडनाव मात्र ऐटीत कॅपिटल! माझं डोकंच फिरलं. मासे विकणारीचं नाव म्हणून लहान का, असं मी विचारलं. तू म्हणालीस, तसा नियम आहे. मी म्हटलं, नियम मी शिकवते, मला शिकवू नकोस. आई भाताचं पातेलं घेऊन आली तेव्हा तू चपला घालत होतीस. तिने विचारलं काय झालं, तर तुला घाई आहे असं मीच सांगून टाकलं.

तुझी आई गेली त्या वर्षापासून तू आमच्याच घरी जेवायचीस. ओहोटीला आई खडकावर कालवं फोडायला निघाली की तू बरणी घेऊन तिच्या मागे. त्या नखाएवढ्या चिंबोऱ्या तिच्या टोपलीत चुकून यायच्या, ती त्या परत पाण्यात भिरकावायची, आणि तू तिचा हात धरायचीस. ह्या खायच्या नाहीत गं, म्हणून ती किती हसायची! मी तेव्हा घरी अभ्यास करत बसायचे. खरं सांगू? हाताला वास लागेल म्हणून यायचे नाही. शाळेच्या रस्त्यावर आई टोपली घेऊन समोरून आली की मी रस्ता ओलांडायचे. तिनेही ते ओळखलं होतं, मैत्रिणी बरोबर असल्या की ती मला हाक मारायची नाही. आणि जिची ती सख्खी आई नव्हती, त्या तू जगाच्या पुस्तकात तिचं नाव लिहिलंस. लहान अक्षराचं निमित्त झालं, हिरा. मला झोंबलं होतं ते हे.

गेल्या आठवड्यात पालघरच्या कॉलेजात एका मैत्रिणीच्या ओळखीने लायब्ररीत जाऊन बसले. तुला खोटं पाडायलाच गेले होते. प्राणिशास्त्राचे जाडजूड अंक काढले. सगळी शीर्षकं तुझ्यासारखीच, पहिलं अक्षर मोठं आणि पुढे लहान. कुणा राजाच्या नावाचा मासा, कुणा मोठ्या प्रोफेसरच्या नावाचा किडा, सगळ्यांची नावं लहान अक्षरात. राजाला जे मिळालं तेच आमच्या आईला मिळालं होतं, आणि मी त्याला अपमान म्हटलं. अंक मिटून परत कपाटात ठेवला. मैत्रीण विचारत होती, सापडलं का? आता क्लासात तो नियम सांगताना जीभ अडखळते. सायन्सवाल्यांचं वेगळं असतं, एवढं पुढे जोडते आणि फळा पुसते.

तू यायच्या आधी मी स्टेशनजवळच्या पेंटरकडून ओटीवर लावायला पाटी करून आणली होती ना, तू फोनवर स्पेलिंग सांगितलेलं चिंबोरीचं नाव सगळं ठळक कॅपिटलात? ती काल पुन्हा रंगवून आणली. पेंटर कुरकुरला, बाई, मोठ्याचं लहान करायला कुणी येतं का, म्हणाला. आई पाटीसमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "यात मी कुटली?" मी तिचं बोट धरून दुसऱ्या शब्दावर टेकवलं. पहिल्या मोठ्या अक्षराकडे बघून, परत आपल्या शब्दाकडे बघून ती म्हणाली, "एवडीशी?" मी तिचं बोट सोडलं. तीच हसली. "चिंबोरी तरी कुटं मोटी हाय?" मग पाटी पदराने पुसता पुसता म्हणाली, "पोर माजी उपाशी गेली. तिला कवा बोलावतीस?"

म्हणून हे पत्र. त्या दिवशी एसटीच्या थांब्यावर मी तुझ्या मागे धावत आले होते. भांडण मिटवायला आले असं तुला वाटलं असेल, तू थांबलीसही. तेव्हा मी तुला म्हटलं, नाव काढून टाक, आईचीच तशी इच्छा आहे. तू नुसती मान हलवलीस आणि गाडीत चढलीस. हिरा, आई असं कधीच म्हणाली नव्हती. तिला यातलं काही ठाऊकही नाही. बाजारात टोपली उतरवली की शेजारच्या बायांना रोज सांगते, माझ्या हिराने माझ्या नावाची चिंबोरी काढली, पुस्तक यायचं आहे. त्या बाया मला विचारतात, कधी येणार गं पुस्तक? नाव काढू नकोस. लहानच राहू दे. आणि जेवायला ये. तू आलीस की एसटीच्या थांब्यावर मी काय बोलले ते आईला मीच सांगेन, तुझ्यासमोर.

तुझीच, तोंड दाखवायला लाजणारी,
मंजुळा