पेनड्राइव्हची चावी

३ जून

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

सोबतच्या डबीत पेनड्राइव्ह आहे. घड्याळाचा सुटा भाग समजून ड्रॉवरमध्ये टाकू नका. तुमच्या संगणकाची फक्त डिस्क गेली आहे, बाकी तो धडधाकट आहे. दुकानदार भंगारात द्या म्हणाला तरी ऐकू नका. या पेनड्राइव्हवर मी एक छोटी, हलकी ऑपरेटिंग सिस्टिम घातली आहे. तो लावून संगणक सुरू केलात की ती सगळीच्या सगळी मेमरीत जाऊन बसते आणि म्हातारं यंत्रही तरतरीत चालतं. बंद करताना ‘जतन करायचं का’ असं विचारेल, तेव्हा हो म्हणा. नाहीतर त्या दिवसाचं लिहिलेलं सगळं जाईल आणि सकाळी पाटी कोरी.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मी ओरडले की प्रयोगशाळेतले सगळे माना वर करून बघतात. हात थरथरतो म्हणून तुमची पत्रं दोन ओळींवर आली आहेत. आता निवांत टाइप करा, झेरॉक्सवाल्याकडून छापून घ्या आणि पोस्टात टाका.

दुसरं. माझ्या शेजारची खोली रिकामी होते आहे. मालकीणबाई पंधरा जुलैपर्यंत थांबतील. तुमच्यासाठी घेऊ का? हवा तेवढा विचार करा, पण उत्तर द्या.

लोभ आहे हे मला ठाऊक आहे, तो जरा कागदावरही उतरू द्या.

तुमची,
ठकू

२८ जून

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

डबी पोचली हे पोस्टाच्या पावतीवरून कळलं, सही तुमचीच आहे. मग पत्र कुठे अडलं? रागावलात का? आई गेल्यावर तुम्हाला घर सोडायला सांगणं म्हणजे दुखऱ्या जागी बोट ठेवणं, कळतं मला. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा, पण काहीतरी म्हणा. मालकीणबाई दोनदा विचारून गेल्या.

मी बरी आहे. दिवसभर रक्ताच्या नळ्या समोर येतात, त्यांवर नावं असतात, माणसं दिसत नाहीत. बोलतं ते एक मशीन, तेही काही चुकलं तरच.

रागावला असाल तरी माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
ठकू

९ जुलै

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

हाताने लिहितो आहे. अक्षर लडखडलंय, सांभाळून घे.

रागावलो नाही. चाळीस वर्षं भिंतीवरची घड्याळं दुरुस्त केली. चावी दिली की काढून ठेवायची, हे बोटांत मुरलेलं. संगणक सुरू झाला तसा मी पेनड्राइव्ह काढून डबीत ठेवला. यंत्र चालत राहिलं, तेव्हा बरोबर जमलं असंच वाटलं. तुला दोन पानं लिहिली. बंद करताना त्याने विचारलं, मी हो म्हटलं, पण तो ठेवणार कुठे? दुसऱ्या सकाळी एक अक्षर नाही.

ती चूक एकदाच झाली. नंतर पेनड्राइव्ह जागेवर असायचा आणि मी रोज मुद्दाम नाही म्हणायचो. तुझ्याशी खोटं कशाला बोलू?

त्या पहिल्या पत्रात मी येत नाही म्हणून कळवलं होतं आणि अकरा कारणं दिली होती. दुसऱ्या दिवशी तीच लिहायला बसलो तर नऊच आठवली. कालचं लिहिलेलं समोर नसलं की त्याला धरून बसावं लागत नाही, हे मला आवडलं. मग रोज सकाळी बसायचो. एकदा लिहिलं, तुझ्या आईची खोली सोडवत नाही. लिहिल्यावर लक्षात आलं, वर्षभरात मी त्या खोलीत पाऊल टाकलेलं नाही. परवा एकच कारण उरलं, की तुला माझं ओझं होईल. ते खोडता येईना. मग तुझं पत्र पुन्हा काढलं आणि मशीनवाली ओळ वाचली.

खोली घे. झेरॉक्सवाल्याने हे वाचायला नको, म्हणून पेन घेतलं.

तुझ्यावर माझा जीव आहे, तो कधी लिहून दाखवला नाही एवढंच.

तुझा,
बाबा

१७ जुलै

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्र आज हाती आलं. परवा पंधरा तारीख झाली, काल त्या खोलीत एक नर्सबाई राहायला आल्या. मालकीणबाईंशी भांडून पाहिलं, पण त्या तरी किती थांबणार?

मग माझ्याच खोलीचं माप घेतलं. कपाट बाहेरच्या बोळात काढलं तर दुसरी खाट बसते, मध्ये एक खुर्ची मावेल. मालकीणबाई हो म्हणाल्या. अडचण होईल. तुम्ही घोरता, आणि ऐकू येत नसल्यामुळे ते तुम्हाला आजवर मान्य नाही. शनिवारी न्यायला येते, सामान बांधून ठेवा.

ओझ्याचं म्हणाल तर, आधी लिहायचा धीर झाला नाही ते सांगते. ती खोली मी तुमच्यासाठी विचारलीच नव्हती. चार वर्षं झाली, कामावरून येते तेव्हा आत कोणी नसतं. तुम्हाला घंटा ऐकू येणार नाही, ठाऊक आहे. पाच वाजता दाराकडे तोंड करून बसत जा, तेवढं पुरे.

भेटीपर्यंत आहे ती माया तशीच असू द्या.

तुमची,
ठकू