‘तिरकी खुर्ची’ कोणाच्या हवाली

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, ‘तिरकी खुर्ची’ या चित्रपटविषयक मासिकाची संस्थापक, संपादक आणि अंकांना घड्या घालणारी, पूर्ण शुद्धीवर राहून राजीखुशीने हे मृत्युपत्र करते. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. कोणी आणून बघावंच.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक मुलगा व मुलगी यांना समसमान. शिल्लक भांडण्याइतकी उरू नये, ही खबरदारी मासिकाने घेतलेली आहे.

२. पायाने चालवायचं छपाईयंत्र सूनबाईला. पहिले अंक मी मेणकागदावर लिहून, रूळ फिरवून काढले. हात कोपरापर्यंत काळे. मग शाई आणायला छापखान्यात गेले ती छापखानेवाल्याशी लग्न ठरवूनच परतले. हे यंत्र त्यांचंच; यजमान शिशाच्या अक्षरांचा एकेक खिळा जुळवून मजकूर उभा करत. एकदा ऐन वेळी ‘ळ’चे खिळे संपले. “ळ सोडून लिही,” हे म्हणाले. मी सबंध अंक तसा लिहिला, ‘काळा’चं ‘कृष्णवर्णी’ केलं, आणि आम्ही दोघं पोट धरधरून हसलो. पुढे ऑफसेट आलं, यंत्र कोपऱ्यात गेलं. मुलगा ते भंगारात द्यायला निघाला, तेव्हा सूनबाई त्यावर चढून बसली. म्हणून ते तिचं.

३. धाकट्या दिरांना बांधीव अंकांचा संपूर्ण संच. “वहिनी, बायकांना सिनेमातलं काय कळतं?” हा प्रश्न त्यांनी मला लग्नातच विचारला होता. उत्तर सविस्तर आहे. अट एकच: मोठ्याने वाचावं, आणि जाऊबाईंनी समोर बसून राहावं.

४. चित्रपटगृहाच्या मालकांना माफी. वाईट परीक्षण लिहिल्याबद्दल त्यांनी मला दारातूनच हाकललं. मग मी मागच्या बोळात उभी राहून, भिंतीतून जेवढं ऐकू आलं तेवढ्यावर पुढचं परीक्षण लिहिलं. तो अंक इतका खपला की पुन्हा छापावा लागला. त्यांचे आभारही.

५. मासिकाचं नाव आणि सर्व हक्क तक्रारमास्तरांना. मुलांनो, दचकू नका. गणिताचे हे निवृत्त शिक्षक आमचे सर्वांत जुने वर्गणीदार. प्रत्येक अंकानंतर त्यांचं खरमरीत पत्र ठरलेलं. ‘ळ’ गायब आहे हे ओळखणारे ते एकटेच: “संपादकबाई, वर्णमालेशी वैर आहे का?”

यजमान गेले, छापखाना बंद पडला, मीही मासिक गुंडाळलं. पुढच्याच महिन्यात मास्तर दारात.

“अंक कुठाय?”

“बंद केला.”

“मला न विचारता? मग मी भांडू कोणाशी?”

आणि आत येऊन बसलेच. त्या दुपारी सूनबाईने संकेतस्थळाची कल्पना काढली. मास्तर नाक मुरडत टंकलेखन शिकले. काही वर्षांनी संकेतस्थळ सांभाळणाऱ्या कंपनीने गाशा गुंडाळला आणि आमचे सगळे लेख गडप झाले. मी रडायच्या बेतात, तर मास्तर दोन पिशव्या घेऊन हजर. प्रत्येक लेख त्यांनी कागदावर काढून ठेवला होता, चुकांवर लाल रेघा मारायला! त्यावरून मासिक पुन्हा उभं राहिलं, आणि पहिल्यांदाच निर्दोष. आता अंक फोनवर जातो. कागदच हवा म्हणणाऱ्यांसाठी मागणीपुरत्या प्रती निघतात.

परवा एका बड्या चित्रपट कंपनीने हे नाव विकत मागितलं. मुलगा म्हणाला, “आई, ते नीट सांभाळतील गं.” मास्तरांनी एवढंच विचारलं, “त्यांच्या सिनेमाला भिकार म्हणता येईल?” तिथेच वारस ठरला.

६. वरचं पाचवं कलम माझ्या मरणाची वाट बघणार नाही; आजपासूनच लागू. आज शुक्रवार, नवा चित्रपट लागलाय. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी पेन घरी ठेवून जाणार आहे. आवडला तर आवडला, नाहीतर गाढ झोपेन. कोणालाही काहीही सांगायला मी बांधील नाही!

सही: माजी संपादक
स्थळ: जेवणाचं टेबल
दिनांक: २१ फेब्रुवारी २०२५

वरील बाईंनी आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली व आमच्या सह्यांची शाई वाळायच्या आत चपला घालून त्या जिना उतरल्या.

साक्षीदार: १. खालच्या मजल्यावरचे दंतवैद्य २. शेजारच्या शिवणकामवाल्या बाई